थांबून थांबून रडणारं लेकरू

"झोपू देऊ नको त्याला! कमल, हलव, हलव त्याला!"

मी ओरडत होते आणि त्या पोराच्या तळपायावर टिचक्या मारत होते. सात महिन्यांचं गुटगुटीत पोर, किसन नावाचं. त्याच्या आईच्या, कमलच्या मांडीवर ओल्या फडक्यासारखं पडलं होतं. टिचकी बसली की तोंड वाकडं करायचं, अर्धा हुंकार द्यायचं आणि पुन्हा मान टाकायचं. रंग पांढराफटक. दिवस थंडीचे, तरी कपाळाला घाम.

सकाळचे साडेनऊ झाले होते. दवाखान्यात मी, कंपाउंडर पाटोळे आणि शिपाई, एवढेच. डॉक्टर देवीच्या लसीच्या दौऱ्यावर गेले होते.

हा दवाखाना पिंपळगाव राजाच्या पुढे, एका लहान गावात होता. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तिथे नर्स. शिक्षण म्हणाल तर सातवी पास आणि त्यावर नर्सिंगचा छोटा कोर्स. बाकी जे आलं ते हात घालून आणि दवाखान्याच्या कपाटातली जुनी इंग्रजी पुस्तकं वाचून. रोज एक पान, शेजारी डिक्शनरी. पहिलं पुस्तक संपवायला मला दोन वर्षं लागली, हसू नका.

तर किसनला पाहिल्याबरोबर मी मनात म्हटलं, अफू.

आता आजच्या वाचकाला हे सांगावं लागेल. आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू झाली की बाया उजाडायच्या आत शेतात जायच्या. तान्हं पोर एकतर धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या झाडाला झोळी बांधून टाकायचं, नाहीतर घरी म्हातारीजवळ. पोर रडत राहिलं तर वेचणी कशी होणार? मग मोहरीएवढी अफू आईच्या दुधात उगाळून चाटवायची. पोर दुपारपर्यंत गपगार. पिढ्यान् पिढ्या चाललेलं. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. पण मोहरीची ज्वारी व्हायला वेळ लागत नाही. श्वास मंदावतो आणि पोर उठतच नाही. माझ्या हातात तशी दोन गेली होती. तेव्हापासून मी अफूच्या मागे हात धुऊन लागले होते. घरोघर जायची, कोनाडे धुंडाळायची, बायांशी भांडायची.

आणि ज्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडले, त्या गयाबाई, किसनची आजी, आता दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या. मागच्याच वर्षी त्यांच्या ट्रंकेतून मी अफूची गोळी काढून चार बायांसमोर मोरीत टाकली होती. म्हातारी तेव्हापासून मला दिसली की पदर तोंडावर घेऊन दुसरीकडे वळायची.

"गयाबाई, किती दिली? खरं सांगा."

"म्या नाई देल्ली."

"मी रागावत नाही. किती दिली ते कळलं तर मला उपाय करता येईल."

"लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, नाई देल्ली."

"मागच्या वर्षीसुद्धा हेच म्हणाला होतात."

मी कमलकडे वळले. "तू कुठे होतीस?"

"मी वेचणीले गेलती, बाई. दिवस निघायच्या आंधी. घरी आत्याबाईच होत्या." तिने सासूकडे पाहिलं नाही, पण आवाजात सगळं होतं. "मले सांगावा आला तं पयतच आली. लेकरू असंच पडेल होतं."

"उलटी?"

"दोन डाव झाली," गयाबाई दारातूनच म्हणाल्या. "पह्यली दुधाची. दुसरी पिवळी-हिरवी. आन् त्याच्या आंधी लय ओरडलं वं बाई. पाय पोटाशी घेऊन घेऊन ओरडलं."

हे वाक्य मी ऐकलं, पण आत घेतलं नाही. अफूनेही उलटी होते. बाकीचं मी सोडून दिलं. म्हातारी विषय बदलतेय, असं वाटलं मला. काय करता, माझ्या डोक्यात उत्तर आधीच तयार होतं.

मी शिपायाला सायकलवर पिटाळलं. चिठ्ठीत लिहिलं: 'साहेब, सात महिन्यांचं मूल, अफू दिलेली आहे. लवकर यावे.' दिलेली आहे! 'असावी' असंसुद्धा लिहिलं नाही.

मग माझे उपाय सुरू झाले. तळपायाला टिचक्या, तोंडावर गार पाणी, मांडीवरून खांद्यावर, खांद्यावरून मांडीवर. नाडी जलद होती. इथे मला थांबायला हवं होतं. अफूने श्वास मंद होतो. किसनचा श्वास मंद नव्हता. दिसत होतं, मोजलं मात्र नाही.

दहा वाजायच्या सुमारास पोराने एकदम किंकाळी फोडली. गुडघे पोटाशी ओढले, मुठी आवळल्या, चेहरा लाल. दोनेक मिनिटं असं ओरडलं की बाहेर औषधाच्या बाटल्या घेऊन बसलेली माणसं उठून दारात आली.

आणि मला काय झालं माहीत आहे? आनंद. "जागं झालं! उतरली अफू!" मी पाटोळेंना म्हटलं. कमल रडता रडता हसली. तिने त्याला पाजायला घेतलं. पोराने दोन घोट ओढले आणि शांत झालं. डोळे मिटले.

"आता झोपू दे थोडं," मी म्हटलं. "धोका टळला."

मी ड्रेसिंगच्या टेबलाकडे गेले. एका माणसाच्या पायाला कुऱ्हाड लागली होती, त्याची पट्टी सोडायला घेतली. पट्टी अर्धी सुटली असेल, तेवढ्यात पुन्हा तीच किंकाळी. धावत गेले तर पाजलेलं सगळं दूध बाहेर, त्यात हिरवं पाणी. मी पोचेपर्यंत पोर पुन्हा निपचित. आता ओठही पांढरे.

पाटोळे म्हणाले, "जंत असतील, बाई. नाहीतर कोठा अडला. चमचाभर एरंडेल देऊ का? मोकळं होईल."

"थांबा जरा."

का थांबवलं, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

तेव्हा गयाबाई दार सोडून आत आल्या. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहून बोलल्या.

"नरसबाई, एक सांगू काय? तुमी मले खोटी म्हना, चोर म्हना, काईबी म्हना. पन मी चार लेकरं वाढोली अफूवर. तुमी पुस्तकात वाचलं असन, म्या डोयानं पाह्यलं. अफूचं लेकरू असं मंधातच ओरडत नाई वो. थे झोपते तं झोपतेच. हे तं घडीभर मरते आन् घडीभर जगते. हे अफूचं नोय."

टॉर्च काढला. किसनची पापणी वर केली.

अफूची खूण म्हणजे डोळ्यातली बाहुली. टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. ही तर पहिली गोष्ट पाहायची. मी पाहिलीच नव्हती. किसनची बाहुली चांगली मोठी होती. टॉर्च लावला तशी आकसली, काढला तशी पसरली.

तासभर मी एका आजारी पोराला टिचक्या मारत बसले होते.

"कमल, त्याला टेबलावर निजव. लंगोट सोड."

लंगोट कोरडा होता. सकाळपासून शी? एकदा, घरी, नेहमीसारखी. त्यानंतर नाही. मी हात चोळून गरम केले. गार हात लागला की पोट आखडतं आणि काही कळत नाही. डावीकडून सुरुवात केली. मऊ. बेंबीखाली मऊ. उजवीकडे खाली बोटं नेली तर तिथे काही नाहीच, पोकळ, जणू आतलं सामान कुणी उचलून नेलंय. मग वर सरकले. उजव्या बरगडीच्या खाली काहीतरी लागलं. लांबट, कणकेच्या मुटक्यासारखं. बोटाखाली किंचित सरकलं.

एवढ्यात तो पुन्हा ओरडला. माझ्या बोटांखाली तो मुटका कडक झाला. ओरडणं थांबलं तसा हळूहळू सैल पडला.

कपाटातल्या पुस्तकातलं एक पान मला आठवलं. तो इंग्रजी शब्द एवढा लांबलचक होता की मी तो अक्षर अक्षर सोडवून वाचला होता. अर्थ सोपा आहे. आपण घट्ट बाहीचा सदरा घाईने काढतो तेव्हा बाही आतल्या आत ओढली जाते ना, तसं तान्ह्या पोराच्या आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. आतडं पुढे ढकलायला जातं, कळ येते, पोर किंचाळतं. कळ थांबते, पोर गळून पडतं. रस्ता बंद, म्हणून हिरवी उलटी. आणि शिरलेल्या भागाचा रक्तपुरवठा आवळला जातो. काही तासांत तो भाग काळा पडतो, सडतो. मग पोर राहत नाही. पोर चांगलं खातंपितं, गुटगुटीत असतं, वय पाच ते दहा महिने. पुस्तकात किसनचं वर्णन छापलं होतं म्हणा ना. आणि त्याला एरंडेल पाजणं म्हणजे बंद दारावर मागून गाडा ढकलणं.

हा आजार मी कधी पाहिला नव्हता. फक्त वाचला होता. आणि तासापूर्वी मी तितक्याच खात्रीने अफू म्हटलं होतं.

मी भिंतीवरचं घड्याळ पाहून कागदावर वेळा मांडायला लागले. दहा छत्तीस. दहा त्रेपन्न. अकरा आठ. दर वेळी किंकाळी थोडी बारीक होत होती. ते बरं लक्षण नव्हे. पोर थकत चाललं होतं.

साडेअकराला डॉक्टरांची जीप आली. तरुण होते आमचे डॉक्टर, हुशार, पण जरा तापट. हात धुता धुताच म्हणाले, "कुठाय तुमची अफूची केस?"

"साहेब, अफू नाही."

"चिठ्ठीत तर अफू आहे."

"चिठ्ठी चुकली. मला वाटतं आतड्यात आतडं शिरलंय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी सातवी आठवली. "बाई, एका सकाळी एकच निदान करावं माणसाने. पुस्तक बंद करा जरा."

त्यांनी तपासलं. पोर त्या वेळी शांत. "पोट मऊ आहे. शौचात रक्त?"

"शौचच नाही."

"गोळा कुठे लागला?"

मी दाखवलं. त्यांनी दाबून पाहिलं. "मला लागत नाही. हगवणीची सुरुवात असेल. सल्फा देऊ, संध्याकाळी पाहू."

संध्याकाळी! मी कागद पुढे केला. "साहेब, एवढ्या वेळा पाहा. शेवटची अकरा बावीस. पंधरा मिनिटं माझ्यासाठी थांबा. कळ आली की पोटावर हात ठेवा. नाही लागलं तर मी काही बोलणार नाही."

ते स्टूल ओढून बसले. घड्याळात पाहिलं. खोलीत आम्ही चौघं, आणि मधे ते पोर. पाच मिनिटं. दहा. बारा. पोर निजलेलं. पंधरा झाली. काही नाही. मी देवाला हात जोडत होते, पण मागू काय? पोराला कळ येऊ दे, असं?

सतरा.

"बाई, बाहेर पेशंट थांबलेत..." डॉक्टर उठले, आणि किसनने गुडघे पोटाशी ओढले.

आवाज किंकाळीचा नव्हता आता, कण्हल्यासारखा. डॉक्टरांचा हात पोटावर गेला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. भुवया वर गेल्या, मग खाली आल्या. त्यांनी हातमोजा मागितला, बोटाने आतून तपासलं. बोट बाहेर आलं ते लाल चिकट द्रवाने माखलेलं. इंग्रजी पुस्तकात कुठल्याशा विलायती फळाच्या मुरब्ब्याची उपमा होती. तो मुरब्बा मी जन्मात पाहिला नाही. मला विचाराल तर रात्रभर भिजवलेल्या जवसाच्या बुळबुळीत पाण्यात कुंकू कालवलं, तर कसं दिसेल, तसं होतं ते. विष्ठेचा मात्र लवलेश नाही. हगवणीतही रक्त-आव पडते, पण तिच्यात विष्ठा असते.

"जीप काढा," डॉक्टर म्हणाले. "खामगावला सर्जन आहेत. बाई, तुम्ही बरोबर चला. तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही."

कमलने पोराला छातीशी कवटाळलं. "कापतीन काय त्याले?"

"कदाचित."

"नाई! एवढुसं पोट. नाई कापू द्याचं मले. याचे बाबा येऊ द्या."

"बाबा कुठे?"

"गाडी घेऊन मलकापूरच्या बाजूले गेले. उद्या येतीन."

उद्या या पोराला नव्हता. मी तिला ते सांगायला तोंड उघडलं, एवढ्यात गयाबाई पुढे आल्या. "कमल, ऊठ. बाप आल्यावर त्याले लेकरू दाखवाचं का खड्डा? चाल. अंगठा द्याचा तं मी देतो."

जीप निघाली. पहिले मैल बरे गेले. खामगाव जवळ आलं आणि पुढे कापसाच्या गाड्यांची रांग. जिनिंगकडे चाललेल्या. एकामागे एक, रस्ताभर पसरलेल्या, कापूस दोन्ही बाजूंनी फुगलेला. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. बैलांनी कान हलवले, गाडीवाल्यांनी तेही नाही. माझ्या मांडीवर किसन. कळा आता येत होत्या की नाही, तेही कळत नव्हतं. मी त्याच्या मनगटावर बोट ठेवून होते. नाडी सुतासारखी.

गयाबाई चालत्या जीपमधून उतरल्या. साठी उलटलेली बाई, अनवाणी, पदर कमरेला खोचून पहिल्या गाडीपुढे उभी.

"घे बे बैल बाजूले!"

"काऊन वो बुढे? कुठी आग लागली?"

"माह्या घराले लागली! नातू मरून राह्यला माहा त्या मोटारीत! तुहा कापूस काय पयून चालला?"

तो माणूस चटकन खाली उडी मारून बैलांच्या वेसणीला लागला. मग त्यानेच पुढच्याला हाक दिली, त्याने त्याच्या पुढच्याला. "हटवा बे! लेकरू हाये मोटारीत!" गाड्या एकेक करून रस्त्याखाली उतरत गेल्या. एकीचं चाक नालीत गेलं आणि कापूस सांडला. गाडीवानाने हातानेच 'जा' म्हटलं. आम्ही मधून निघालो. गयाबाई पायरीवर उभ्या, एका हाताने दांडा धरून.

सर्जन वयस्कर गृहस्थ होते. पोट चाचपलं, मान हलवली, थिएटर तयार करायला सांगितलं. मग मला विचारलं, "त्रास कधीपासून?"

"सकाळी सहा-साडेसहापासून."

"दवाखान्यात कधी आलं?"

"साडेनऊला."

"आणि आता दीड. मधे काय केलंत?"

आमचे डॉक्टर शेजारी उभे होते. त्यांनी खाली पाहिलं. त्यांनीही संध्याकाळी पाहू म्हटलं होतं, पण ती चूक फार तर अर्ध्या तासाची. आधीची माझी होती.

"अफू समजून तळपायाला टिचक्या मारल्या, सर. डोळे पाहिले नाहीत. पोट पाहिलं नाही. तासभर."

"मग कळलं कसं?"

"आजीने सांगितलं, हे अफूचं नाही."

त्यांनी गयाबाईंकडे एकदा पाहिलं आणि आत गेले.

आम्ही बाहेर बाकावर. कमल एका टोकाला, गयाबाई दुसऱ्या, मी मधे. मी मनातल्या मनात तो एक तास पुन्हा पुन्हा मोजत होते. आतडं काळं पडलं असेल तर तेवढा भाग कापून टोकं जोडावी लागतात. एवढ्या लहान जिवाला ते त्या काळी क्वचितच सोसायचं. पोर गेलं, तर कमल आयुष्यभर सासूला दोषी धरणार होती, गावही तिलाच दोष देणार होतं, कारण अफू हा शब्द माझ्या तोंडून सगळ्या दवाखान्याने ऐकला होता.

तासाभराने दार उघडलं. सर्जनने मास्क खाली केला.

"आतडं निळं झालं होतं, काळं नाही. मागून दाबत दाबत बाहेर काढलं. गरम पाण्याचं फडकं ठेवलं, रंग परत आला. कापावं लागलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अजून दोन-तीन तास उशीर झाला असता तर ही गोष्ट तुम्हाला सांगत बसलो नसतो."

कमल मटकन खाली बसली आणि सासूच्या पायाला मिठी मारली. "आत्याबाई, मले वाटलं तुमीच..."

"ऊठ. मलेबी तसंच वाटलं असतं." गयाबाई मग माझ्याकडे वळल्या. मी हात जोडले.

"राहू द्या, नरसबाई," त्या म्हणाल्या. "मांगच्या डावानं मी खोटं बोलली. या डावानं खरं बोलली तं कोन मानीन? पन तुमी इचारत होत्या किती देल्ली म्हनून. काय झालं, हे इचारलंच नाई."

दहाव्या दिवशी टाके काढून किसन घरी आला.

हे सगळं का सांगितलं, त्याचं कारण आता सांगते. केसपेपरवर निदानाचा रकाना सगळ्यात वर असतो. पुढे नोकरी संपेपर्यंत मी तो सगळ्यात शेवटी भरत आले. एका वरिष्ठ डॉक्टरांनी त्यावरून मला दोनदा झापलं, की ही कसली उलटी पद्धत. आणि तुमच्या घरातलं तान्हं पोर मधेमधे किंचाळत असेल आणि मधेमधे गळून पडत असेल, तर तुम्हीही ऐकून ठेवा: ते शांत झालं म्हणून बरं झालं समजू नका, चमचाभरही काही पाजू नका, आणि सरळ मोठा दवाखाना गाठा. वाटेत मला विचारायला थांबू नका.